पश्चात्कर्म : जखम भरण्याचा इतिहास

प्राचीन भारतीय शल्यतंत्राने शस्त्रक्रियेच्या तीन पायऱ्या मानल्या आहेत : पूर्वकर्म, प्रधानकर्म आणि पश्चात्कर्म. पहिल्या पायरीत तयारी, दुसरीत प्रत्यक्ष शस्त्राचे काम, आणि तिसरीत जखम भरून माणूस पुन्हा आपल्या कामाला लागेपर्यंतचा सारा काळ. वैद्यकाचा इतिहास लिहिणाऱ्यांचे लक्ष बहुधा मधल्या पायरीवर खिळलेले असते. कोणी, कोठे, कोणत्या साली, काय कापले याच्या नोंदी मिळतात. कापून झाल्यावर तो माणूस किती दिवस कुशीवर वळू शकला नाही, खोकला आला की त्याने पोट कसे धरले, पहिला घास केव्हा गोड लागला, याच्या नोंदी मिळत नाहीत. वास्तविक प्रधानकर्म काही मिनिटांचे असते आणि पश्चात्कर्म काही महिन्यांचे. काळाच्या हिशेबाने पाहिले तर आजाऱ्याचा खरा इतिहास तिसऱ्या पायरीवरच घडतो.

या विस्मृतीला भाषेचाही हातभार लागला आहे. ‘किरकोळ शस्त्रक्रिया’ हा शब्दप्रयोग आपण सहज करतो. त्यातले विशेषण वैद्याच्या बाजूचे आहे. किती वेळ लागला, किती रक्त गेले, जिवाला धोका किती होता, यांवरून शस्त्रक्रिया मोठी की किरकोळ हे ठरते. मूळव्याध, भगेंदर, गळू, आंत्रपुच्छ, हर्निया ही आजच्या शल्यचिकित्सकाची रोजची कामे. परंतु ज्याच्या देहावर ते काम झाले त्याच्या लेखी ते रोजचे नसते. वेदनेला किरकोळ म्हणण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न प्रस्तुत लेखाच्या मुळाशी आहे. उत्तरासाठी मराठी मुलखात घडलेल्या काही घटना पाहू.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात ‘व्रणितोपासनीय’ नावाचा एक अध्याय आहे. व्रणिताची, म्हणजे जखमी माणसाची, शुश्रूषा कशी करावी हा त्याचा विषय. त्याचे घर स्वच्छ असावे, तेथे वाऱ्याचा झोत आणि उन्हाचा ताप नसावा, शय्या ऐसपैस आणि मऊ असावी, त्याने दिवसा झोपू नये, आहाराचे पथ्य पाळावे, अशा सूचना त्यात येतात. साहित्याच्या विद्यार्थ्याने थांबून वाचावी अशी एक सूचनाही तेथे आहे. व्रणिताभोवती गोड बोलणारे मित्र असावेत, कारण त्यांच्या गोष्टींनी जखमेची वेदना दूर सारली जाते, असा त्या श्लोकाचा आशय आहे. साहित्याच्या प्रयोजनांची चर्चा आपण वर्गात करतो ती काव्यशास्त्राच्या आधाराने. इथे एका शल्यग्रंथाने कथेला मलमपट्टीच्या शेजारी जागा दिली आहे. वेदना एकट्याने सोसण्याची गोष्ट नाही आणि ती सोसायला शब्दांची मदत होते, या दोन्ही गोष्टी त्या परंपरेला ठाऊक होत्या.

या परंपरेतील हस्तकौशल्य पुढे कोणाकडे राहिले, हे अठराव्या शतकाच्या अखेरच्या एका पुणेरी घटनेवरून दिसते. कावसजी नावाचा एक मराठा शेतकरी इंग्रजांच्या सैन्यात बैल हाकण्याच्या कामावर होता. १७९२ च्या म्हैसूरच्या युद्धात तो टिपूच्या हाती सापडला आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. वर्षभराहून अधिक काळ तो नाकाशिवाय राहिला. त्यानंतर पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतील एका माणसाने त्याला नवे नाक बसवून दिले. ही क्रिया कशी करतात ते टॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या मुंबई इलाख्यातील दोन डॉक्टरांनी प्रत्यक्ष पाहिले होते. पेशव्यांच्या दरबाराची चित्रे काढणाऱ्या जेम्स वेल्सने कावसजीचे चित्र काढले आणि १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये हा सारा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. जोसेफ कार्प्यू या इंग्रज शल्यचिकित्सकाने १८१४ साली लंडनमध्ये याच पद्धतीने शस्त्रक्रिया केली. युरोपातील आधुनिक नासिकारोपणाची सुरुवात येथून मानली जाते.

ही गोष्ट वैद्यकाच्या इतिहासात वारंवार सांगितली जाते, ती बहुधा अभिमानाने. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या मापाने बेतायचा, तो कपाळावर ठेवून रेघ आखायची, तेवढी कातडी दोन भुवयांमधल्या एका पट्टीला धरून सोडवायची आणि अर्धी पिळून खाली आणायची, हे कौशल्य थक्क करणारेच आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने मात्र त्या वृत्तान्तातील पुढची चार वाक्ये अधिक मोलाची आहेत. जोड पक्का राहावा म्हणून पाण्यात कालवलेला कात कापडाच्या पट्ट्यांवर पसरून पाच-सहा पट्ट्या एकावर एक ठेवीत. चार दिवस दुसरे काही लावायचे नाही. मग त्या काढून तुपात भिजवलेली फडकी. पाच-सहा दिवस रोग्याने उताणे पडून राहायचे. दहाव्या दिवशी नाकपुड्या मोकळ्या राहाव्यात म्हणून मऊ कापडाचे बोळे. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास कपाळाशी जोडलेली पट्टी कापायची आणि नाकाला आकार येण्यासाठी पुन्हा थोडे शस्त्र चालवायचे. म्हणजे पंचवीस दिवस झाल्यावर पुन्हा एकदा कापणे!

भूल देण्याचे औषध तेव्हा नव्हते. तरीही त्या संपूर्ण वृत्तान्तात वेदना हा शब्द नाही. नाक कसे दिसते, टिकते का, कपाळावरचा व्रण कालांतराने कितपत दिसतो, हे सारे आहे. कावसजीने ते पंचवीस दिवस कसे काढले हे नाही. एकाच हाताच्या त्या माणसाला पाणी कोणी पाजले, माश्या कोणी वारल्या, उताणे पडल्या पडल्या तो काय ऐकत होता, हे इतिहासाने विचारले नाही. शस्त्र चालवणाऱ्या त्या कारागिराचे नावही कोणी विचारले नाही. प्रधानकर्म करणारा अनाम राहिला आणि पश्चात्कर्म सोसणारा मुका राहिला.

१८४६ साली बोस्टनमध्ये ईथरचा आणि १८४७ साली एडिंबरोमध्ये क्लोरोफॉर्मचा प्रयोग यशस्वी झाला. शस्त्रक्रियेच्या इतिहासाची येथे दोन खंडांत विभागणी होते. या इतिहासाचा एक धागा आमच्या वऱ्हाडाच्या शेजारून जातो. क्लोरोफॉर्मने मृत्यू येतो तो श्वास थांबल्याने की हृदय थांबल्याने, या वादाचा निकाल लावण्यासाठी १८८८ आणि १८८९ साली दोन आयोग नेमले गेले ते निजामाच्या हैदराबादेत. एडवर्ड लॉरी हा तेथील शल्यचिकित्सक या उद्योगाचा सूत्रधार होता. त्या वेळी वऱ्हाडावर नावापुरती मालकी निजामाची होती आणि १८५३ पासून कारभार इंग्रजांचा होता.

मराठीने या नव्या औषधासाठी योजलेला शब्द अर्थपूर्ण आहे. भूल म्हणजे विस्मरण, आणि भूल म्हणजे मोहिनीही. भूल पडते तशी ती उतरतेही. शास्त्राने कापण्याच्या क्षणाची वेदना हरण केली. भूल उतरल्यानंतरच्या वेदनेला मात्र जुनेच उपाय राहिले. वेदना प्रधानकर्मातून हलून सगळी पश्चात्कर्मात येऊन राहिली. शल्यगृहातील किंकाळी थांबल्यामुळे, दुखणे संपले असा समज दृढ झाला, आणि ‘किरकोळ’ हे विशेषण सुलभ झाले.

पश्चात्कर्माचा मुकेपणा मोडणारा एक मोठा साक्षीदार आपल्याला मोहनदास करमचंद गांधी यांच्या रूपाने मिळतो. त्यांच्या दोन शस्त्रक्रिया महाराष्ट्रात झाल्या. १९२४ ची पुण्याची शस्त्रक्रिया सर्वज्ञात आहे. १९१९ ची मुंबईची फारशी कोणी आठवत नाही, कारण ती ‘किरकोळ’ होती आणि चारचौघांत न बोलण्याजोग्या जागेची होती. आत्मकथेत मात्र गांधींनी ती निःसंकोच सांगितली आहे.

१९१८ च्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी पायपीट केल्यावर त्यांना आमांशाने गाठले. औषध नको या हट्टामुळे दुखणे लांबले आणि मरण जवळ आले असे त्यांना वाटू लागले. हवापालट म्हणून ते माथेरानला आले. तेथले पाणी जड पडले. आमांशाने गुदमार्ग हुळहुळा झाला होता, त्याला चिरा पडल्या होत्या आणि शौचाच्या वेळी असह्य कळा येत. परिणामी खाण्याच्या नुसत्या विचाराचीही त्यांना धास्ती वाटू लागली. हे वाक्य कोणत्याही वैद्यकीय ग्रंथात सापडणार नाही. भुकेच्या पोटी अन्नाचे भय निर्माण करणारी ही वेदना ज्यांनी भोगली आहे त्यांना तिचे नेमकेपण कळेल. आठवडा पुरा होण्याआधीच त्यांनी माथेरान सोडले.

मुंबईत शंकरलाल बँकरांच्या आग्रहाने डॉ. दलाल यांना बोलावले गेले. दूध घेतल्याशिवाय शरीर उभे राहणार नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. गांधींनी दूध सोडले होते. गाई-म्हशींवर होणाऱ्या अत्याचारांमुळे हे व्रत आहे असे कळताच कस्तुरबांनी शेळीच्या दुधाची वाट दाखवली. गांधींनी ती स्वीकारली, आणि आपण व्रताचे अक्षर पाळून आत्मा मोडला ही खंत पुढे आयुष्यभर बाळगली. शेळीचे दूध सुरू झाल्यानंतर १९१९ च्या जानेवारीत डॉ. दलालांनी चिरांवर शस्त्रक्रिया केली. प्रकृतीला उतार पडू लागला तशी जगण्याची इच्छा परत आली, असे गांधी नोंदवतात. याचा अर्थ मध्यंतरी ती गेली होती. इतक्या लहानशा दुखण्याने इतक्या मोठ्या इच्छाशक्तीच्या माणसाची जिजीविषा हिरावून घेतली होती, हे आपण नीट लक्षात घ्यायला हवे.

बरे होण्याच्या वाटेवर पाऊल पडते न पडते तोच रौलट समितीचा अहवाल त्यांच्या वाचनात आला. २४ फेब्रुवारीला सत्याग्रहाच्या प्रतिज्ञेवर सह्या झाल्या आणि ६ एप्रिलला देशभर हरताळ पडला. राजकीय इतिहासात हा काळ झंझावाताचा म्हणून नोंदला जातो. परंतु त्या झंझावाताच्या मध्यभागी असलेला माणूस अजून पुरता बरा झालेला नव्हता. उभे राहून काही वेळ बोलू लागले की सारे अंग थरथरे आणि छातीत धडधड होई. लेखी भाषण दुसऱ्याने वाचून दाखवावे लागे. सभेत उभे राहून बोलण्याची ती असमर्थता आत्मकथा लिहिण्याच्या काळापर्यंत टिकून होती. बैठकीवर बसून संथ आवाजात बोलणारे गांधी ही प्रतिमा आपण साधेपणाची, भारतीयतेची खूण म्हणून वाचत आलो आहोत. तिच्यामागे अपुऱ्या राहिलेल्या पश्चात्कर्माचाही वाटा आहे. पूर्ववत होणे म्हणजे पूर्वीसारखे होणे असे आपण समजतो. देह पुष्कळदा पूर्वीसारखा होत नाही, तो नवी रीत शिकतो. आणि कधी कधी ती रीत एका युगाची शैली ठरते.

दुसरी शस्त्रक्रिया १२ जानेवारी १९२४ च्या रात्रीची. सहा वर्षांची शिक्षा भोगणाऱ्या गांधींना आंत्रपुच्छाचा तीव्र दाह झाला म्हणून येरवड्याहून ससून रुग्णालयात हलवले गेले. मुंबईहून डॉक्टर येईपर्यंत थांबणे शक्य नव्हते. कर्नल मॅडॉक हे शस्त्रक्रिया करणार होते. श्रीनिवास शास्त्री तेथे उपस्थित होते. संमतीच्या मजकुरावर गांधींनी पेन्सिलीने सही केली तेव्हा त्यांचा हात कापत होता. मध्येच वीज गेली आणि उरलेले काम कंदिलाच्या उजेडात पुरे झाले. मराठी माणसाला एवढी गोष्ट ठाऊक असते, आणि ससूनमधील ती जागा स्मारक म्हणून जपलीही गेली आहे.

पुढचा भाग मात्र कोणी सांगत नाही. शस्त्रक्रिया यशस्वी झाली, पण जखमेच्या जागी पू धरला आणि सुधारणा मंदावली. या मंद सुधारणेमुळेच सरकारने ५ फेब्रुवारीला त्यांची बिनशर्त सुटका केली. ७ फेब्रुवारीला काँग्रेसचे अध्यक्ष महंमद अली यांना लिहिलेल्या पत्रात, आजारपणामुळे मिळालेल्या या सुटकेचा आपल्याला आनंद नाही, असे गांधींनी कळवले. मार्चमध्ये ते जुहूच्या समुद्रकाठी राहायला गेले. भेटीला येणाऱ्यांनी आवरते घ्यावे अशी जाहीर विनंती त्यांना करावी लागली. तरीही मोतीलाल नेहरू आणि चित्तरंजन दास यांच्याशी कायदेमंडळप्रवेशावरच्या वाटाघाटी तेथेच झाल्या. ‘हिंद स्वराज्य’मध्ये १९०९ साली ज्यांनी डॉक्टर आणि रुग्णालये यांवर कठोर टीका केली होती, त्यांनाच इंग्रज शल्यचिकित्सकाच्या हाताखाली जावे लागले, यातील विसंगती त्यांच्या टीकाकारांनी दाखवली, स्वतः गांधींनीही शस्त्रक्रिया करून घेणे ही आपली आत्मिक दुर्बलता मानली. वाद झाला तो प्रधानकर्माचा. मॅडॉकने कापायला वीसेक मिनिटे घेतली असोत वा तासभर, गांधींना उठवले ते परिचारिकांनी, जुहूच्या हवेने आणि सोबतीला आलेल्या सी. एफ. अँड्र्यूजसारख्या मित्रांनी. व्रणितोपासनीय अध्यायातील घर, शय्या आणि मित्र ही तिन्ही साधने त्यांना लाभली होती.

वेदनेचा इतिहास लिहायचा तर वेदनेची भाषा हवी. इंग्रजीत डोकेदुखीसाठी शब्द नाहीत अशी तक्रार व्हर्जिनिया वुल्फ यांनी १९२६ साली आजारपणावरच्या आपल्या निबंधात केली होती. मराठीला ही तक्रार करता येणार नाही. गळू ठणकते, पू धरलेली जखम ठसठसते, भाजलेले चुरचुरते, मीठ लागले की झोंबते. पाठीत चमक भरते, पोटात मुरडा येतो, पायात वांब येतो, श्रमाने अंगाला रग लागते, आणि कळ तर सर्वव्यापी. प्रत्येक क्रियापद वेगळ्या दुखण्याचे, वेगळ्या लयीचे. ‘ठसठस’ या शब्दातच नाडीचा ठोका ऐकू येतो. ‘शल्य’ म्हणजे देहात रुतलेले बाणाचे टोक किंवा काटा. तो काढण्याची विद्या ती शल्यविद्या. त्याच शल्याचा मराठीत ‘सल’ झाला, आणि काटा निघून गेल्यावरही जे मागे उरते त्याचे ते नाव ठरले. शस्त्र आणि शस्त्रानंतरचे दुखणे असे एकाच धातूतून उगवलेले शब्द आपल्यापाशी आहेत.

इतकी समृद्ध भाषा असताना आपल्या शिष्ट साहित्यात शस्त्रक्रियेनंतरच्या दिवसांचे लेखन विरळ का, हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे. मृत्यूवर आपण उदंड लिहिले, विरहावर त्याहून अधिक. बरे होण्यावर लिहायला मात्र कथानक नाही. कालच्याहून आज दोन पावले अधिक चाललो, यात संघर्ष नाही, कलाटणी नाही, शेवटही नाही. मंद सुधारणा ही कथाकाराच्या कौशल्याची कसोटी आहे, आणि म्हणून बहुधा टाळलेली वाट आहे.

आता आमच्या मुलखाकडे येऊ. पूर्णेच्या खोऱ्यातील चांदूर बाजार हा संत्र्यांचा आणि कापसाचा तालुका. याच तालुक्यातील माधानचे प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराज तान्हेपणीच दृष्टीला मुकले आणि अवघ्या चौतीस वर्षांच्या आयुष्यात अफाट ग्रंथरचना करून गेले. याच तालुक्यातील नागरवाडी हे गाडगेबाबांच्या कार्याचे एक ठिकाण. गाडगेबाबांनी देवळांऐवजी धर्मशाळा बांधल्या. मुंबईत दादरला त्यांच्या नावाची धर्मशाळा कर्करुग्णांना आणि त्यांच्या नातलगांना आसरा देते. रोग्याला खाट रुग्णालय देते, पण रुग्णालयातून सुटलेल्याला, अजून घरी न जाऊ शकणाऱ्याला जागा कोण देणार, हे ओळखणे म्हणजे पश्चात्कर्म ओळखणे होय.

वऱ्हाडातील सामान्य स्त्रीच्या वाट्याला येणारी सर्वांत परिचित ‘किरकोळ’ शस्त्रक्रिया म्हणजे कुटुंबनियोजनाची. आणीबाणीच्या काळात, १९७६-७७ या एका वर्षात, देशात सुमारे ८३ लाख नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने १९७६ मध्ये सक्तीचे विधेयकही मंजूर केले होते. ते अमलात आले नाही. १९७७ नंतर पुरुष या वाटेवरून बाजूला झाले आणि सारा भार बायकांवर आला. बुडालेल्या मजुरीची भरपाई म्हणून १९८१ पासून केंद्र सरकारची योजना आहे. म्हणजे विश्रांतीचे दिवस लागतात हे शासनाने कागदावर मान्य केले आहे. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडातील बिलासपूरच्या शिबिरात ८३ स्त्रियांवर शस्त्रक्रिया झाल्यानंतर तेरा जणींचे प्राण गेले, आणि सप्टेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करण्याचा आदेश दिला. मृत्यू झाले म्हणून ही गोष्ट इतिहासात आली. ज्या जगल्या आणि टाक्यांची ठसठस घेऊन कामाला लागल्या, त्यांचा इतिहास कोणत्या दप्तरात आहे?

आमच्या घराघरांत बाळंतिणीला सव्वा महिना असतो. तिला शेक मिळतो, डिंकाचे लाडू मिळतात, जड उचलू देत नाहीत. गरिबाघरीही रीत म्हणून त्यातले थोडेफार पाळले जाते. परंपरेने बाळंतपणाला पश्चात्कर्म दिले. शस्त्रक्रिया ही नवी गोष्ट; तिच्याभोवती अशी रीत अजून जमलेली नाही. ‘टाक्याचे ऑपरेशन’ झालेली बाई हिवाळ्यात कापूस वेचायला जाते, कारण वेचणी थांबत नाही. वेचलेला कापूस ती कमरेला बांधलेल्या ओटीत भरत जाते, आणि दिवस चढतो तसतसे ते ओझे नेमके टाक्यांवर येते. गांधींना जुहू लाभले, कावसजीला निदान पंचवीस दिवस उताणे पडता आले. तिला यांतले काय लाभते?

म्हणून ‘किरकोळ’ या विशेषणाचा हिशेब पुन्हा मांडायला हवा. शस्त्रक्रिया लहान की मोठी, हे चिरेच्या लांबीवरून ठरत नाही. नंतर किती दिवस पडून राहता येते आणि त्या दिवसांत जवळ कोण बसते, यावरून ते ठरते. साहित्य शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्या आपल्यासारख्यांना यात एक काम आहे. बाजेवर पडलेल्या माणसाशेजारी बसून गोष्ट सांगणे हे सुश्रुताने मित्रांना नेमून दिलेले काम. त्याच्याच जोडीला, त्या बाजेवरून त्याने किंवा तिने सांगितलेली गोष्ट ऐकून लिहून ठेवणे हे आपले. आपल्या महाविद्यालयांतील पुष्कळ मुलींच्या आया या शिबिरांतून गेलेल्या आहेत. त्या मुलींनी आपल्या आईला ते दिवस विचारावेत आणि तिच्याच वऱ्हाडी शब्दांत उतरवून काढावेत. ठणक, सणक, कळ, वांब यांच्या पलीकडचा एखादा शब्द तिच्यापाशी निश्चित असेल, आणि तो अजून कोशात आलेला नसेल.